डोळ्यांचा विसावा : बोरूपासून पडद्यापर्यंत

मराठीत वाचायच्या चष्म्याला ‘चाळिशी’ म्हणतात. वस्तूला वयाचे नाव मिळाल्याची उदाहरणे भाषेत फार नसावीत. ‘माझी चाळिशी कुठे ठेवलीस?’ असे विचारणारे आजोबा सत्तरी ओलांडलेले असत, पण चष्मा चाळिशीच राही. डोळ्यातले भिंग लहानपणी मऊ असते. जवळचे पाहताना आतला स्नायू आवळला जातो आणि भिंग फुगते. दूरचे पाहताना स्नायू सैल होतो आणि भिंग चपटे होते. वयाबरोबर भिंगाचा ताठरपणा वाढतो आणि चाळिशीच्या आसपास हातातले अक्षर पुसट दिसू लागते. माणूस पोथी लांब धरू लागतो, आणि पुढे पुढे हातच पुरेनासा होतो. फ्रान्सिस्कस डोंडर्स या डच नेत्रवैद्याने १८६४ साली आपल्या ग्रंथात ही सगळी प्रक्रिया शास्त्रशुद्ध मांडली. आपल्या लोकांनी ती एका शब्दात बांधून ठेवली होती.

जवळचे पाहणे म्हणजे स्नायूचे काम आणि दूरचे पाहणे म्हणजे त्याची विश्रांती, एवढे ध्यानात ठेवले की पुढचे सारे सोपे होते. आज घरोघरी ऐकू येणाऱ्या तक्रारी आपल्याला माहीत आहेत : डोळे चुरचुरतात, कोरडे पडतात, संध्याकाळी जड होतात, मान वर केल्यावर क्षणभर समोरचे अंधुक दिसते, कपाळ ठणकते. त्यांचे खापर सरसकट पडद्याच्या प्रकाशावर फोडले जाते. इतिहास पाहता मला वाटते की प्रकाशाकडे बोट दाखवून आपण चुकीच्या आरोपीच्या मागे लागलो आहोत. डोळे शिणवणारी कामे माणूस शतकानुशतके करत आला आहे. त्या कामांमध्ये विसाव्याच्या जागा आपोआप असत. त्या जागा कशा होत्या आणि कशा गेल्या, हे या लेखात पाहायचे आहे.

मी धरणगावचा. बालकवींचे जन्मगाव एवढी ओळख साहित्याच्या वाचकाला पुरते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे गाव आणखी दोन कारणांनी माहीत असते. १६७४ साली इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीने इथे वखार घातली ती इथल्या कापडाच्या व्यापारासाठी, आणि पुढच्याच वर्षी शिवाजी महाराजांच्या फौजेने गाव लुटले. नंतर १८२५ मध्ये जेम्स औट्रमने भिल्ल पलटण उभारली, तिचे ठाणे धरणगावला होते. शेजारचे एरंडोल हातकागदासाठी प्रसिद्ध होते. म्हणजे चार कोसांच्या आत एकीकडे कापड आणि दुसरीकडे कागद. विणकर आणि कारकून, दोघांचीही नजर दिवसभर हातभर अंतरात अडकलेली. माझी स्वतःची नजरही तशीच अडकलेली आहे. शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाल्यावर मला मोडी कागद वाचण्याचा नाद लागला, आणि गेली काही वर्षे मूळ कागदांऐवजी त्यांच्या छायाप्रती मी संगणकावर वाचतो. डोळ्यांच्या या प्रश्नाकडे मी वळलो तो त्यामुळे.

सुरुवात बरीच मागे न्यावी लागते. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात नेत्ररोगांची संख्या ७६ सांगितली आहे आणि पहिल्याच अध्यायात त्यांची कारणे मोजली आहेत. उन्हाने तापलेल्या अंगाने पाण्यात उतरणे, धूर, अतिशय रडणे, क्रोध, शोक अशी ती लांबलचक यादी आहे. तिच्यात दोन शब्द असे आहेत की ते आजच्या नेत्रवैद्याने लिहून दिल्यासारखे वाटतात. एक ‘सूक्ष्मनिरीक्षण’, म्हणजे बारीक वस्तूंकडे पाहत राहणे. दुसरा ‘स्वप्नविपर्यय’, म्हणजे झोपेची उलटापालट, दिवसा निजणे आणि रात्री जागणे. यादीत ‘दूरेक्षण’ही आहे, ते मात्र आजच्या शास्त्राशी जुळत नाही. जुन्या ग्रंथात आजचे सगळे काही शोधण्याची जी एक हौस आपल्याकडे आहे, ती मला नाही. पण बारीक कामाने डोळे शिणतात हे निरीक्षण इतके जुने आहे, एवढे मान्य करायला हवे.

चष्म्याचा शोध तेराव्या शतकाच्या अखेरीस इटलीत लागला. तो भारतात केव्हा आला याचा मागोवा पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संस्थेत हयात घालवलेल्या परशुराम कृष्ण गोडे यांनी घेतला. गोड्यांची रीतच अशी, की जिलबीपासून चष्म्यापर्यंत कोणतीही साधी वस्तू घ्यायची आणि हस्तलिखितांतून तिचा माग काढायचा. त्यांना सोमनाथ कवीच्या ‘व्यासयोगिचरित’ या ग्रंथात, विजयनगरच्या दरबारात मान असलेले व्यासराय पोथी वाचताना डोळ्यांना भिंगे लावत असल्याचा उल्लेख सापडला. काळ साधारण १५२०चा. चष्मा म्हणजे तेव्हा राजगुरूच्या नाकावर शोभणारी चैन. बाकीच्यांनी, नजर गेली की पोथी मिटायची आणि ऐकायला बसायचे. कथा-कीर्तनाला म्हाताऱ्यांची एवढी गर्दी का असे, याचे एक कारण हेही असेल.

चष्मा मिळणारच नसेल, तर काय करावे? याचे उत्तर ज्या मराठी ग्रंथात आहे त्याचा खानदेशाशी जवळचा संबंध आहे. धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी डोमगावच्या मठातली, कल्याणस्वामींच्या हातची दासबोधाची प्रत मिळवून १९०५ साली छापली. त्यांनी जमवलेली रामदासी हस्तलिखिते धुळ्याच्या समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे. समर्थ सांगतात : पान शिशाने आखून घ्यावे, अक्षर मोकळे आणि वाटोळे असावे, ओळ ओळीला भिडू नये, मात्रा वरच्या ओळीत घुसू नये, शाईचा काळेपणा आरंभापासून शेवटपर्यंत सारखा असावा, चारी बाजूंना जागा सोडावी. आणि मग एक सूचना येते, ती मला या साऱ्या इतिहासातली सर्वांत शहाणी वाटते. तरुणपणी फार बारीक लिहू नये. तेच लिखाण म्हातारपणी आपल्या कामी येत नाही. म्हणून मध्यम आकाराचे अक्षर ठेवावे.

ही सूचना केवळ सौंदर्याची नाही. त्यात एक हिशेब आहे. ग्रंथ लिहायला वर्ष-दोन वर्षे लागतात आणि तो आयुष्यभर वाचायचा असतो. कागद महाग, म्हणून बारीक लिहिण्याचा मोह होतो; पण कागद वाचवून डोळे गमावण्यात शहाणपण नाही. आज संगणकावरच्या मजकुरासाठी तज्ज्ञ सांगतात त्या गोष्टी, म्हणजे अक्षराचा पुरेसा आकार, ओळींमधले अंतर, समास, पार्श्वभूमीवर ठसठशीत उठणारे अक्षर, या त्या समासात एकापाठोपाठ एक येऊन जातात. मोबाइलवर अक्षर मोठे करण्याची सोय असते, हे कित्येकांना माहीत नसते. ज्यांना असते त्यांना ती वापरायला कमीपणा वाटतो, जणू मोठे अक्षर म्हणजे म्हातारपणाची कबुली. समर्थांनी तरुणांनाच हे सांगितले होते.

आता बोरूकडे पाहू. मोडी लिहिणाऱ्या कारकुनाचे काम आपण समजतो तसे सलग नव्हते. काही शब्द लिहिले की बोरू दौतीत बुडवायचा. त्यासाठी नजर कागदावरून उचलली जाई. टोक बोथट झाले की चाकूने पुन्हा तासायचे. पान भरले की शाईवर वाळू टाकायची आणि ती झटकायची. दिव्याची वात मध्येच पुढे सारायची. जाड कागद उलटायचा. यातली एकही क्रिया डोळ्यांच्या सोयीसाठी नव्हती; लेखनसाहित्याची ती अडचणच होती. पण त्या अडचणींमुळे आतला स्नायू मिनिटा-दोन मिनिटांनी सैल होत असे, आणि नजर खाली-वर होताना पापणी मिटत असे. पोथी ठवणीवर असे, कारकुनाचे मेज बुटके आणि उतरते असे. दोन्हींकडे पाहताना दृष्टी खाली झुकलेली, डोळा अर्धा झाकलेला. उघडी बुबुळे कमी, म्हणून अश्रूंचे वाळणेही कमी. हे कुणी ठरवून केले असे मी म्हणत नाही.

विणकराचेही तसेच. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेला माणूस दिवसभर धाग्यांकडे पाहतो हे खरे, पण धोटा डावीकडून उजवीकडे जातो तशी त्याची नजर फिरत राहते. ताण्यातला धागा तुटला की उठून तो सांधायचा. फणीतून धागे ओवणे हे मात्र खरोखर डोळे खाणारे काम, आणि ते शक्यतो उजेडी, तरुण डोळ्यांकडून करून घ्यायचे. दिवस मावळला की माग थांबे, कारण तेलाच्या दिव्याच्या उजेडात बारीक सूत दिसत नाही. त्या काळच्या माणसाच्या डोळ्यांना रात्र हीच सर्वांत मोठी सुट्टी होती.

धरणगावच्या वखारीतून कापड सुरतेला जात होते, त्या सुमाराला इटलीतल्या मोदेना गावात बेर्नार्दिनो रामाझ्झिनी हा वैद्य कारागिरांच्या दुकानांतून हिंडत होता. कोणत्या धंद्याने कोणता रोग होतो, हे त्याने १७०० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मांडले. व्यवसायजन्य रोगांच्या शास्त्राचा पाया म्हणून तो ग्रंथ ओळखला जातो. अत्यंत बारीक काम करणाऱ्या कारागिरांची नजर अधू होते, असे त्याने लिहिले. उपाय काय? चष्मा वापरावा, मान सतत खाली घालून बसू नये, आणि अधूनमधून हातातले काम बाजूला ठेवून डोळे दुसरीकडे वळवावेत, निरनिराळ्या वस्तूंवर फिरवावेत. पुढच्या आवृत्तीत, १७१३ साली, त्याने छापखान्यातल्या खिळे जुळवणाऱ्यांवर लिहिले : घरी गेल्यावरही कित्येक तास त्यांच्या डोळ्यांपुढे अक्षरे तरळत राहतात. रात्री उशिरापर्यंत मोबाइल पाहून डोळे मिटणाऱ्याला हा अनुभव परका वाटू नये.

उजेड वाढला तसा विसावा कमी झाला, हा या इतिहासातला विरोधाभास आहे. समईची एक वात म्हणजे साधारण एका मेणबत्तीइतका उजेड. मीटरभर अंतरावर तो अवघा एक लक्स भरतो. रॉकेलचा कंदील घरोघर आला आणि मुले रात्री अभ्यासाला बसू लागली. ‘अंधारात वाचू नकोस, डोळे जातील’ हा दटावणीचा सूर तेव्हापासूनचा असावा. वैद्यकीयदृष्ट्या तो अर्धाच खरा आहे. मंद उजेडात वाचल्याने डोळे शिणतात, पण त्यांची कायमची हानी होते याला पुरावा नाही. खरी गोष्ट अशी की कंदिलाने जवळच्या कामाचे तास वाढवले, आणि विजेच्या दिव्याने तर रात्रीची सुट्टीच रद्द केली.

शाळांचा विस्तार झाला त्या काळातला एक अभ्यास इथे सांगायला हवा, कारण पुढच्या विवेचनात तो पुन्हा लागणार आहे. ब्रेस्लाउ इथल्या हेरमान कोन या नेत्रवैद्याने १० हजार ६० शाळकरी मुलांचे डोळे तपासले आणि १८६७ साली निष्कर्ष छापले. खेड्यांतल्या शाळांमध्ये लांबचे अंधुक दिसणारी मुले शंभरात दीडच्या आसपास होती. शहरातल्या वरच्या दर्जाच्या विद्यालयांत हे प्रमाण सव्वीसवर गेले होते. कोनने दोष दिला तो वर्गातल्या अंधाराला आणि वाईट बाकांना. युरोपभर बाकांची उंची, खिडक्यांचा आकार, पुस्तकांचा टाइप यांवर खल सुरू झाला. खेड्यातले मूल दिवसाचा मोठा भाग उन्हात काढते, या फरकाला मात्र पुरेसे वजन मिळायला शंभराहून अधिक वर्षे जावी लागली.

पडदा आला तो आधी करमणुकीसाठी. सिनेमाचा पडदा दूर असतो, त्यामुळे आतल्या स्नायूला तो जवळपास विश्रांतीच देतो. टीव्ही घरात आला तेव्हा आमच्याकडे एकच आज्ञा ऐकू येई : लांब बस. १९८७-८८ मध्ये रविवारी सकाळी ‘रामायण’ लागायचे, तेव्हा ज्या घरी संच असे तिथे पुढच्या रांगेतली मुले संचाला नाक लावून बसत आणि मागून मोठी माणसे ओरडत. या आज्ञेला एक खरा आधार एकेकाळी होता. अमेरिकेत १९६७ साली जनरल इलेक्ट्रिकच्या काही रंगीत संचांमधून प्रमाणाबाहेर क्ष-किरण निघत असल्याचे आढळले आणि पुढच्याच वर्षी तिथे त्यासाठी कायदा झाला. दोष दुरुस्त झाला, पण भीती राहिली, आणि ती वारशाने संगणकाकडे आली.

कचेऱ्यांमध्ये संगणकाचे पडदे आले तेव्हा पहिला संशय पुन्हा किरणांवरच गेला. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने १९८३ साली या विषयावर अहवाल दिला. त्याचा रोख असा होता की तक्रारी खऱ्या आहेत, पण त्यांचे मूळ किरणांमध्ये नसून प्रकाशयोजना, बसण्याची मांडणी आणि कामाची आखणी यांत आहे. युरोपीय समुदायाने २९ मे १९९० रोजी पडद्यावर काम करणाऱ्यांसाठी नियम केला. त्यात मालकाने डोळ्यांची तपासणी करून द्यावी हे आहेच. शिवाय पडद्यावरचे काम अधूनमधून विश्रांतीने किंवा वेगळ्या प्रकारच्या कामाने खंडित होईल अशी दिवसाची आखणी करावी, असेही आहे. बोरू आपोआप जे देत होता, ते आता कायद्याने द्यावे लागले.

पडद्यासमोर डोळ्यात नेमके काय घडते, याचे एक सुंदर मोजमाप जपानमध्ये झाले. त्सुबोता आणि नाकामोरी या नेत्रवैद्यांनी कचेरीत काम करणाऱ्या १०४ जणांच्या पापण्यांची उघडझाप मोजली आणि १९९३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. निवांत बसलेला माणूस मिनिटाला सरासरी २२ वेळा पापणी लववत होता, पुस्तक वाचताना १० वेळा आणि पडद्यावर वाचताना ७ वेळा. पापणी दर वेळी अश्रूंचा पातळ थर बुबुळावर पसरवते. ती लवली नाही तर थर फाटतो, डोळा कोरडा पडतो, चुरचुरतो. गंमत म्हणजे कोरड्या डोळ्यांतून मग पाणी वाहते, आणि माणसाला वाटते की आपल्या डोळ्यांत पाणी जास्त झाले आहे. माझ्या नेत्रवैद्यांनी मला पहिल्या भेटीत औषधाआधी हे आकडे सांगितले होते. पुस्तकाचा आकडाही पाहण्यासारखा आहे : छापील पान काही निर्दोष नाही, तिथेही उघडझाप निम्म्याहून खाली येते.

खानदेशात याला आणखी एक जोड आहे. मार्च ते जून इथली हवा भट्टीसारखी कोरडी असते आणि घरोघरी कूलर लावलेला असतो. कूलरचा झोत अंगावर यावा म्हणून आपण त्याच्यासमोर बसतो, आणि हातात मोबाइल असतो. न लवणाऱ्या पापण्या, उघडी बुबुळे आणि त्यांवर वाऱ्याचा मारा, असा तिहेरी योग जुळतो. कूलर किंवा पंख्याचा झोत चेहऱ्यावर घेऊ नये, पाठीवर किंवा पायांवर घ्यावा, ही साधी गोष्ट आमच्या भागात कुठल्याही डोळ्यांच्या थेंबांइतकी उपयोगी आहे. संगणक असेल तर पडदा नजरेच्या पातळीपेक्षा थोडा खाली, हातभर लांब ठेवावा. मग डोळा ठवणीवरच्या पोथीकडे पाहावे तसा अर्धा झाकलेला राहतो. चाळिशी लागलेल्यांनी आणखी एक पाहावे. वाचायच्या चष्म्याचा नंबर हातातल्या पुस्तकाच्या अंतरासाठी असतो, मेजावरचा संगणक त्याहून लांब असतो. दुभिंगी चष्म्याच्या खालच्या भागातून पाहण्यासाठी हनुवटी वर करून बसणारे कितीतरी कारकून मी पाहिले आहेत. त्यांची मान दुखते आणि ते उशी बदलतात. संगणकाच्या अंतराचा वेगळा नंबर काढून मिळतो.

मोबाइलने मात्र सगळेच अंतर संपवले. पडदा वीतभरावर आला, अक्षर बारीक झाले, आणि मजकुराला शेवट उरला नाही. पुस्तकाचे पान संपते, प्रकरण संपते, वर्तमानपत्र तर घडी घालून ठेवावेच लागते. बोटाने सरकणारा मजकूर संपतच नाही. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि वर्गही त्याच वीतभर पडद्यात शिरला. केंद्र सरकारने जुलै २०२० मध्ये ‘प्रज्ञाता’ नावाची मार्गदर्शक सूत्रे काढली. पहिली ते आठवीसाठी दिवसाला ३० ते ४५ मिनिटांची जास्तीत जास्त दोन सत्रे, नववी ते बारावीसाठी चार, अशी मर्यादा त्यांत होती. वर्गाची मर्यादा कागदावर होती. वर्ग संपल्यावर तोच मोबाइल मुलाच्या हातात राही, त्याला मर्यादा कोण घालणार? आमच्या गल्लीत तेव्हा एका मोबाइलवर तीन भावंडे शिकत होती. सगळ्यात धाकट्याच्या वाट्याला तो रात्री नऊनंतर येई. सुश्रुताचा ‘स्वप्नविपर्यय’ मला पहिल्यांदा खरोखर समजला तो त्या पोराकडे पाहून.

भीती आली की तिच्यामागून विक्रेता येतोच. निळा प्रकाश अडवणारी म्हणून विकली जाणारी भिंगे आता तालुक्याच्या गावीही मिळतात आणि पालक मुलांसाठी ती कौतुकाने घेतात. २०२३ साली कॉक्रेन या संस्थेच्या संशोधकांनी सहा देशांतल्या १७ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला. साध्या भिंगांच्या तुलनेत या भिंगांनी डोळ्यांचा शीण थोड्या काळात कमी होतो असे दिसले नाही. तसे पाहिले तर पडद्यातून येणारा निळा प्रकाश भर दिवसाच्या आकाशातून येणाऱ्या निळ्या प्रकाशाच्या मानाने अगदी किरकोळ असतो. ज्यांनी भिंगे घेतली त्यांचे नुकसान पैशांपुरते असते तर मी बोललो नसतो. पण भिंग घातले म्हणजे बंदोबस्त झाला असे समजून घरातली बाकीची शिस्त ढिली होते, आणि तिथे मुलाचे नुकसान होते.

मग खरा उपाय कोणता? जेफ्री अँशेल या अमेरिकी दृष्टितज्ज्ञाने १९९०च्या दशकात एक सूत्र रूढ केले : दर २० मिनिटांनी, २० फूट लांबच्या वस्तूकडे, २० सेकंद पाहावे. वीस हा आकडा प्रयोगशाळेतून आलेला नाही, तो लक्षात राहावा म्हणून घेतला आहे. पण वीस फुटांना अर्थ आहे. तेवढ्या अंतरावर पाहताना आतला स्नायू जवळजवळ पूर्ण सैल असतो. रामाझ्झिनीचा सल्ला तीनशे वर्षांनी आकड्यांत बसला, एवढेच. मी घड्याळ लावत नाही. मोडीची एक ओळ लावून झाली की वहीत हाताने उतरवतो आणि खिडकीतून समोरच्या निंबाकडे पाहतो. निंब मोजून पाहिला तर वीस फुटांहून जास्तच लांब भरेल. पाहताना दोन-चार वेळा पापण्या सावकाश मिटतो. पडद्याचे उपकारही नाकारण्यात अर्थ नाही. जे मोडी अक्षर कागदावर मला भिंगाखालीही लागत नव्हते, ते पडद्यावर चौपट मोठे करून लागते. विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांनी धुळ्यासारख्या गावी बसून आयुष्यभर जुनी दप्तरे डोळ्यांखालून घातली. त्यांच्याजवळ ही सोय नव्हती.

मोठ्या माणसांचा शीण विश्रांतीने जातो. मुलांचे तसे नाही. वाढत्या वयात डोळ्याचा गोळाच लांबट झाला तर लांबचे कायमचे अंधुक दिसते, आणि तो पुन्हा आखूड होत नाही. इथे कोनच्या त्या खेड्यातल्या मुलांकडे परत जावे लागते. चीनमधल्या ग्वांगझू शहरात बारा शाळांमधल्या पहिलीच्या मुलांवर तीन वर्षांचा प्रयोग झाला. निम्म्या शाळांत रोज ४० मिनिटे मैदानावरची जास्तीची तासिका ठेवली. २०१५ साली निष्कर्ष छापले : मैदानावर गेलेल्या मुलांत तीन वर्षांत ३०.४ टक्के मुलांना लघुदृष्टी आली, इतर शाळांत ३९.५ टक्के मुलांना. तैवानने २०१० पासून शाळेतल्या मुलांना रोज १२० मिनिटे बाहेर काढण्याचा कार्यक्रम घेतला आणि वर्षानुवर्षे वाढत चाललेले अधू नजरेचे प्रमाण त्यानंतर उतरले. वर्गात उजेड ३०० ते ५०० लक्स असतो. बाहेर झाडाच्या सावलीतसुद्धा तो हजारांत मोजावा लागतो. या लख्ख उजेडाने डोळ्याची लांबट वाढ रोखली जाते, असे सध्याचे मत आहे. म्हणजे मुलाच्या हातून मोबाइल काढून त्याला घरातच पुस्तक देऊन बसवले, तर अर्धेच काम होते.

आमच्या खानदेशात उजेडाची टंचाई कधीच नव्हती; अडचण आहे ती उन्हाची. एप्रिलमध्ये सकाळी दहानंतर मूल मैदानावर सोडणे शहाणपणाचे नाही, आणि संध्याकाळी सहापर्यंत जमीन पोळत असते. पण मार्चपासून शाळा सकाळच्या असतात. सातला शाळा भरते, तेव्हा ऊन कोवळे आणि उजेड भरपूर असतो. शारीरिक शिक्षणाची तासिका बहुतेक ठिकाणी शेवटची असते, म्हणजे नेमक्या अकराच्या उन्हात, आणि मग ती ‘ऊन आहे’ म्हणून वर्गातच होते. ती उचलून पहिली ठेवली तर एक पैसा खर्च न होता रोजची चाळीस मिनिटे भरतात. हे मी आसपासच्या दोन शाळांच्या मुख्याध्यापकांना भेटून सांगितले, ग्वांगझूचे आकडेही लिहून दिले. एका शाळेने गेल्या मार्चमध्ये वेळापत्रक बदलले. दुसरीकडच्या सरांनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि परीक्षा झाल्यावर पाहू म्हणाले.